२० लाख कोटी आले कुठून, गेले कुठे? महासाथीच्या वर्षाचा अर्थसंकल्प उलगडताना

प्रश्न असा आहे: १ फेब्रुवारी २०२० रोजी मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात कोरोनासाठी एक रुपयाचीही वेगळी तरतूद नव्हती. साडेतीन महिन्यांत २० लाख कोटींचे पॅकेज जाहीर झाले. मध्ये नवा अर्थसंकल्प काही आला नाही. मग हा पैसा आला कुठून, गेला कुठे? आणि पुन्हा साथ आली, बंदरे थंडावली, तर अर्थसंकल्पाच्या हातात असते तरी काय?

माझी नोकरीची बहुतेक वर्षे अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज (वर्ष संपत आल्यावर दुरुस्त केलेले आकडे) आणि पुरवणी मागण्यांच्या कागदांत गेली, म्हणून उत्तर त्याच अंगाने देतो. थोडक्यात सांगायचे तर पैसा मुख्यतः कर्जातून आला आणि थोडा पेट्रोल-डिझेलवरच्या करातून. २० लाख कोटींतला मोठा भाग सरकारी तिजोरीतून जाणारा नव्हताच. आणि जो खरोखर गेला, तो आधीच खणून ठेवलेल्या पाटांनी गेला. धरणात पाणी कितीही असो, ज्या शेतापर्यंत पाट नाही तिथे ते पोचत नाही. २०२० मध्ये नेमके हेच झाले, आणि माझ्या मते त्या वर्षाबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

आधी मूळ आकडे. देशातला पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० ला केरळात, त्रिशूरमध्ये सापडला. दोन दिवसांनी निर्मला सीतारामन यांनी ३०.४२ लाख कोटी रुपये खर्चाचा अर्थसंकल्प मांडला. राजकोषीय तूट (उत्पन्नापेक्षा जास्तीचा, कर्जाने भागवायचा खर्च) जीडीपीच्या ३.५ टक्के आणि महागाई धरून जीडीपीची वाढ १० टक्के, असे गृहीतक. २३ मार्चला लोकसभेने वित्त विधेयक चर्चेविना मंजूर केले, २५ मार्चपासून देश बंद झाला आणि १ एप्रिलला नवे आर्थिक वर्ष सुरू झाले. म्हणजे वर्षाच्या पहिल्याच दिवशी हे आकडे खरे होणार नाहीत हे अर्थ मंत्रालयात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

असे असताना सरकार लगेच नवा अर्थसंकल्प का मांडत नाही? कारण तशी गरज नसते. संसद खर्चाला मंजुरी देते ती मागणीनिहाय (मागणी म्हणजे एका खात्याने मागितलेली रक्कम), लेखाशीर्षनिहाय. एका मागणीतला पैसा कमी पडला तर संविधानाच्या अनुच्छेद ११५ प्रमाणे पुरवणी मागणी आणायची. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात केंद्राने अशी पहिली यादी आणली ती सुमारे २.३५ लाख कोटींची होती, पण त्यातली प्रत्यक्ष नवी रोख सुमारे १.६७ लाख कोटी. उरलेली रक्कम दुसरीकडच्या बचतीतून वळवलेली. अधिवेशन नसताना तातडीने लागणाऱ्या पैशासाठी आकस्मिकता निधी असतो. भारताचा आकस्मिकता निधी तेव्हा होता ५०० कोटींचा! १३० कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशासाठी ५०० कोटी. पुढच्या अर्थसंकल्पात तो ३०,००० कोटींवर नेला. या बदलाची बातमी फारशी झाली नाही, पण त्या वर्षातल्या सर्वांत शहाण्या निर्णयांत मी तो धरतो.

साथ आल्यावर सरकारांनी सर्वांत आधी केले ते खर्च थांबवण्याचे काम. ८ एप्रिल २०२० ला अर्थ मंत्रालयाने सगळ्या खात्यांचे तीन गट केले. आरोग्य, अन्न, ग्रामविकास, शेती अशी खाती पहिल्या गटात, त्यांना मोकळीक. दुसऱ्या गटाला पहिल्या तिमाहीत वर्षाच्या तरतुदीच्या फक्त २० टक्के, तिसऱ्याला १५ टक्के, तेही महिन्याला ५ टक्के याप्रमाणे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले, खासदार निधी दोन वर्षांसाठी थांबवला. महाराष्ट्रात तर मार्चचा पगारच दोन टप्प्यांत झाला. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने विकासकामांच्या तरतुदीतला केवळ ३३ टक्के निधी मिळेल, नवी योजना घ्यायची नाही, नवे बांधकाम काढायचे नाही असे ठरले. त्या उन्हाळ्यात जिल्ह्याजिल्ह्यांतली बांधकाम खाती आणि जिल्हा परिषदा रोज सकाळी ‘बीम्स’ ही राज्याची निधीवाटपाची संगणक प्रणाली उघडून निधी पडलाय का ते बघत होत्या. पडत नव्हता. ठेकेदाराचे बिल अडले, त्याच्याकडच्या मुकादमाची मजुरी अडली. लोकांना वाटते की संकटात सरकार हात सैल सोडते. पहिल्या दोन महिन्यांत उलट घडले, कारण उत्पन्न एका झटक्यात आटले. एप्रिल २०१९ मध्ये जीएसटी १,१३,८६५ कोटी जमा झाला होता. एप्रिल २०२० मध्ये ३२,१७२ कोटी.

आता ते २० लाख कोटी. १३ ते १७ मे दरम्यान रोज पत्रकार परिषद झाली आणि शेवटी बेरीज आली २०,९७,०५३ कोटी. यातले ८,०१,६०३ कोटी रिझर्व्ह बँकेने बाजारात आणि बँकांत ओतलेल्या तरलतेचे (खेळत्या रोकडीचे) होते. ते अर्थसंकल्पाचे नव्हतेच. पहिल्या दिवशीच्या ५,९४,५५० कोटींत ३ लाख कोटी लघुउद्योगांच्या हमी-कर्जाचे होते. इथे पैसा बँकेचा असतो, सरकार फक्त जामीन राहते, आणि कर्ज बुडाले तरच तिजोरीतून काही जाते. वीज वितरण कंपन्यांचे ९०,००० कोटीही कर्जच. शेतकऱ्यांचे २ लाख कोटी किसान क्रेडिट कार्डांवरचे कर्ज.

एका बाबीकडे जरा जवळून बघा. त्या ५.९४ लाख कोटींत ५०,००० कोटी टीडीएस-टीसीएसच्या (व्यवहाराच्या वेळीच कापून घेतलेल्या कराच्या) सवलतीचे धरले होते. पगार सोडून इतर देयकांवरचा टीडीएस २५ टक्क्यांनी कमी केला. म्हणजे एखाद्या वास्तुविशारदाच्या एक लाखाच्या बिलातून पूर्वी १०,००० कापले जात, ते आता ७,५०० कापले जाणार. अडीच हजार हातात राहिले, ठीक. पण त्याचा कर एका रुपयानेही कमी झाला नव्हता. आगाऊ कर भरताना किंवा विवरणपत्र भरताना ते अडीच हजार त्याने सरकारला द्यायचेच होते. काही महिन्यांची उसंत, एवढाच अर्थ. त्या वेळी ती उसंतही मोलाची होती हे मी नाकारत नाही. पण तिला खर्चाच्या रांगेत बसवून बेरीज वाढवली, की सामान्य माणसाला वाटते आपल्या वाट्याचे कुठेतरी गेले, आणि तो सरकारवर, बँकेवर, तलाठ्यावर चिडतो. आकडा मोठा करण्याची ही किंमत असते. थेट अर्थसंकल्पीय भार जीडीपीच्या एका टक्क्याच्या आसपास असावा, असा बहुतेक अभ्यासकांचा तेव्हाचा अंदाज होता.

मग खरोखर किती खर्च वाढला? त्यासाठी घोषणा बाजूला ठेवून सुधारित अंदाजाचा रकाना उघडावा लागतो. १ फेब्रुवारी २०२१ ला कळले की २०२०-२१ चा एकूण खर्च ३०.४२ वरून ३४.५० लाख कोटींवर गेला. म्हणजे वाढ सुमारे ४.०८ लाख कोटी. आता फक्त अन्न अनुदानाची ओळ बघा: अंदाज १,१५,५७० कोटी, सुधारित ४,२२,६१८ कोटी. एकट्या या ओळीतली वाढ ३.०७ लाख कोटी. रोजगार हमीची तरतूद ६१,५०० वरून १,११,५०० कोटी झाली, तिथे आणखी ५०,०००. या दोन ओळी वजा केल्या तर उरलेल्या अख्ख्या भारत सरकारच्या खर्चात निव्वळ वाढ जेमतेम अर्ध्या लाख कोटीची. म्हणजे आरोग्य, खते आणि इतर निकडीच्या ठिकाणी जे वाढले, ते बऱ्याच अंशी बाकीच्या खात्यांना कात्री लावून भागवले.

बरे, अन्न अनुदानातली ही वाढसुद्धा सगळी फुकट वाटलेल्या धान्याची नव्हती. गेली काही वर्षे केंद्र सरकार अन्न महामंडळाला त्याचे पूर्ण अनुदान देत नव्हते. त्याऐवजी राष्ट्रीय अल्पबचत निधीतून महामंडळाला कर्ज घ्यायला लावत होते. हा निधी म्हणजे आपल्या पोस्टातल्या ठेवी, पीपीएफ, सुकन्या समृद्धी. कर्ज महामंडळाच्या नावावर, त्यामुळे केंद्राच्या तुटीत ते दिसत नसे. २०२०-२१ मध्ये तूट एवी तेवी हाताबाहेर गेलेली होती, तेव्हा सरकारने हे जुने कर्ज फेडून अनुदान उघडपणे अर्थसंकल्पात आणले. त्या वर्षीच्या सुधारित अंदाजातली तूट जीडीपीच्या ९.५ टक्के होती, तिचा हा एक मोठा घटक. तूट बघून त्या दिवशी अनेकांनी कपाळाला हात लावला. मला मात्र मनापासून बरे वाटले. लपवलेल्या छोट्या तुटीपेक्षा दिसणारी मोठी तूट केव्हाही चांगली, कारण दिसणाऱ्या तुटीवर संसदेत प्रश्न विचारता येतो. प्रत्यक्ष आकडे आले तेव्हा तूट ९.२ टक्के निघाली.

हा पैसा उभा कसा केला? बाजारातून ७.८ लाख कोटींचे कर्ज घ्यायचे ठरले होते. ८ मे रोजीच ते १२ लाख कोटी केले आणि पुढे त्याहूनही वाढले. निर्गुंतवणुकीतून, म्हणजे सरकारी कंपन्यांतले हिस्से विकून, २.१० लाख कोटी यायचे होते, सुधारित अंदाजात उरले ३२,००० कोटी. कच्चे तेल स्वस्त झाले होते, त्याचा फायदा ग्राहकाला न देता सरकारने घेतला: मार्चमध्ये लिटरला ३ रुपये, मेच्या सुरुवातीला पेट्रोलवर आणखी १० आणि डिझेलवर १३ रुपये उत्पादन शुल्क वाढले. उत्पादन शुल्काचा अंदाज २.६७ लाख कोटींचा होता, तो सुधारित ३.६१ लाख कोटी झाला. जग ठप्प असताना वाढलेला हा एकमेव मोठा कर.

या पेट्रोलवरच्या करातही एक बारीक मेख आहे, आणि ती महाराष्ट्राला थेट लागू होती. मे २०२० नंतर पेट्रोलवर केंद्राचे एकूण शुल्क लिटरला ३२.९८ रुपये होते. त्यात मूळ उत्पादन शुल्क २.९८ रुपये. उरलेले ३० रुपये म्हणजे विशेष अतिरिक्त शुल्क १२ आणि रस्ते व पायाभूत उपकर १८. वित्त आयोगाच्या सूत्राप्रमाणे राज्यांना ४१ टक्के वाटा मिळतो तो फक्त मूळ शुल्कात. उपकर आणि अधिभारात राज्यांचा वाटा नसतो. म्हणजे दर लिटरच्या ३२.९८ रुपयांतून देशातल्या सगळ्या राज्यांच्या वाट्याला मिळून सव्वा रुपयाच्या आसपास आले. रुग्णालये राज्यांची, पोलीस राज्यांचे, स्मशानभूमी पालिकांच्या. खर्चाचा भार खाली आणि नवा महसूल वर, ही रचना साथीच्या काळात फार बोचली. महाराष्ट्राने १ जूनपासून स्वतःचा उपकर लिटरला २ रुपयांनी वाढवला, तो यातूनच. जीएसटीमुळे राज्यांच्या उत्पन्नात येणारी घट केंद्राने भरून द्यायची असते, त्या जीएसटी भरपाईचा वादही याच सुमारास पेटला. ऑगस्टमध्ये जीएसटी परिषदेच्या बैठकीत भरपाईला पैसे नाहीत हे केंद्राने सांगितले. बऱ्याच ताणाताणीनंतर केंद्राने स्वतः कर्ज काढून त्या वर्षी १.१० लाख कोटी आणि पुढच्या वर्षी १.५९ लाख कोटी राज्यांकडे वळते केले. ते फेडण्यासाठी भरपाई उपकराची मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढवली.

आता पाटांकडे येऊ.

धान्याचा पाट तयार होता. १ एप्रिल २०२० ला अन्न महामंडळाच्या गोदामांत आणि राज्यांकडे मिळून सुमारे ५७० लाख टन तांदूळ-गहू होता. त्या तारखेला साठ्याचा निकष २१० लाख टनांचा. निकषाच्या पावणेतीन पट धान्य पडून होते, स्वस्त धान्य दुकानांचे जाळे होते, अन्न सुरक्षा कायद्याने ८० कोटी माणसांची यादी होती. म्हणून माणशी महिना ५ किलो मोफत धान्याची योजना जाहीर झाली आणि ती चालली. जनधनचा पाट तयार होता: २० कोटींहून अधिक महिलांच्या खात्यांत तीन महिने ५०० रुपये गेले, एकूण सुमारे ३१,००० कोटी. ५०० रुपये फारच थोडे होते, पण ते पोचले.

रोजगार हमीचा पाट तर आपल्या मातीतला. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने मागेल त्याला काम देण्याची योजना मोठ्या प्रमाणावर राबवली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला. १९७७ मध्ये कायदा झाला आणि तो १९७९ मध्ये अमलात आला. पैशाची सोय म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्याच्या पगारपत्रकात आजही महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, ते तेव्हापासूनचे. शहरातला पगारदार गावातल्या मजुराच्या कामासाठी पैसे भरतो, ही व्यवस्था आपल्या राज्याने पन्नास वर्षांपूर्वी उभी केली, आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने तोच विचार देशभर नेला. म्हणून २०२० मध्ये शहरातून परतलेल्या माणसाला गावात फावडे मिळाले. त्या वर्षी देशात सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम निघाले आणि साडेसात कोटींहून अधिक कुटुंबांनी ते केले. आणि हे सगळे ठाऊक असूनही २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात या योजनेला पुन्हा ७३,००० कोटीच दिले. दुसरी लाट आल्यावर ते अर्थातच पुरले नाहीत आणि सुधारित अंदाजात ९८,००० कोटी करावे लागले. सुरुवातीला तरतूद कमी ठेवायची आणि मग वाढवायची, या पद्धतीचा मला राग येतो. मधल्या काळात मजुरी थकते, आणि थकलेली मजुरी म्हणजे सावकाराकडची फेरी.

जिथे पाट नव्हता तिथले चित्र आपण सगळ्यांनी मुंबई-नाशिक महामार्गावर पाहिले. भिवंडीच्या यंत्रमागावरचा, मुंबईच्या बांधकामावरचा माणूस उत्तर प्रदेश-बिहारचा. त्याचे रेशन कार्ड गावी. ‘एक देश एक रेशन कार्ड’मध्ये, म्हणजे एका राज्याच्या कार्डावर दुसऱ्या राज्यात धान्य मिळण्याच्या योजनेत, महाराष्ट्र जानेवारी २०२० पासून होता, पण उत्तर प्रदेश आणि बिहार आले १ मे २०२० ला. म्हणजे टाळेबंदीचा सर्वांत कडक महिना सरून गेल्यावर. मेमध्ये कार्ड नसलेल्या ८ कोटी स्थलांतरितांसाठी ८ लाख टन धान्य जाहीर झाले. राज्यांनी बरेचसे उचलले, पण लोकांपर्यंत पोचले ते निम्म्याहूनही कमी, कारण हे ८ कोटी कोण आणि कुठे याची यादीच कोणाकडे नव्हती. पैसा होता, धान्य होते, आदेश होता. यादी नव्हती.

छोट्या धंद्यांचेही तेच. हमी-कर्ज मिळणार होते २९ फेब्रुवारी २०२० ला असलेल्या थकबाकीच्या २० टक्के. ज्याचे बँकेत कर्जच नाही, जो भिशीवर किंवा व्यापाऱ्याच्या उचलीवर धंदा करतो, त्याला शून्याचे २० टक्के. भविष्य निर्वाह निधीचे २४ टक्के सरकार भरणार होते, पण १०० पर्यंत कामगार असलेल्या आणि त्यातल्या ९० टक्क्यांचा पगार १५,००० च्या आत असलेल्या नोंदणीकृत आस्थापनांतच. कमी पगाराच्या माणसासाठी ही चांगली योजना होती. पण मजुरीने माग चालवणाऱ्या कित्येक शेडमध्ये निर्वाह निधीचा क्रमांकच नसतो.

व्यापाराच्या बाजूने काय झाले? इथे अर्थसंकल्प जास्त गोंधळलेला दिसतो. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात आयात वैद्यकीय उपकरणांवर ५ टक्के आरोग्य उपकर लावला. हेतू देशी उत्पादनाला आधार द्यायचा. ९ एप्रिलला तोच उपकर आणि मूळ सीमाशुल्क व्हेंटिलेटर, मास्क, पीपीई, चाचणी संचांवरून ३० सप्टेंबरपर्यंत काढून टाकावे लागले. सव्वादोन महिन्यांत माघार. पुरवठा तुटलेला असताना आयात महाग करणे म्हणजे टंचाई स्वतःच्या हाताने वाढवणे. औषधांचा जो कच्चा माल आपण आयात करतो, त्यातला सुमारे दोन तृतीयांश चीनकडून घेतो. वूहान बंद झाल्यावर सरकारने ३ मार्चला पॅरासिटामॉलसह २६ औषधे आणि औषधद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, आणि २१ मार्चला देशात ती बनवणाऱ्यांना ६,९४० कोटींचे उत्पादन-संलग्न प्रोत्साहन मंजूर केले. दुसरा निर्णय मला पटतो, कारण त्यात उत्पादन करून दाखवल्याशिवाय पैसा मिळत नाही. पुढे हीच पद्धत १३ क्षेत्रांना, पाच वर्षांत सुमारे १.९७ लाख कोटींची लावली.

निर्यातदाराची बाजू मात्र दुबळीच राहिली. एप्रिल २०२० मध्ये मालाची निर्यात आदल्या वर्षीपेक्षा ६० टक्क्यांनी घसरली. नंतर ऑर्डर परत आल्या तर कंटेनर मिळेनात, भाडी भडकली. अशा वेळी निर्यातदाराला नवी योजना नको असते. जुने येणे हवे असते. सरकारकडे अडकलेल्या निर्यात प्रोत्साहनांचे ५६,०२७ कोटी देण्याची घोषणा झाली सप्टेंबर २०२१ मध्ये. हाच पैसा मे २०२० मध्ये सोडला असता तर त्याला पॅकेजही म्हणावे लागले नसते, आणि तो पुण्या-तिरुपूरच्या कारखान्यांत पगार म्हणून आठवडाभरात फिरला असता. त्यातच १४ सप्टेंबर २०२० ला कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद झाली, ती १ जानेवारीला उघडली. लासलगावच्या शेतकऱ्यासाठी व्यापारातला अडथळा चीनमधून आला नव्हता, दिल्लीतून आला होता.

२०२१-२२ चा अर्थसंकल्प हा साथीला खऱ्या अर्थाने पहिला विचारपूर्वक प्रतिसाद. खर्च ३४.८३ लाख कोटी, तूट ६.८ टक्के, आणि २०२५-२६ पर्यंत ती ४.५ टक्क्यांच्या खाली आणायचा वायदा. भांडवली खर्च ५.५४ लाख कोटींवर नेला, जो आदल्या अंदाजात ४.१२ लाख कोटी होता. लोकांच्या हातात रोख देण्यापेक्षा रस्ते-रेल्वेवर खर्च करायचा, ही जाणीवपूर्वक निवड होती. रस्त्याचा रुपया जास्त काळ टिकतो हे बरोबर. पण तो हातगाडीवाल्याकडे पोचायला दोन-तीन वर्षे लागतात, आणि त्याने तोपर्यंत गाडी विकलेली असते. दोन्ही थोडे-थोडे करायला हवे होते, असे माझे मत आहे.

त्याच भाषणात ‘आरोग्य आणि कल्याण’साठी २,२३,८४६ कोटी, म्हणजे १३७ टक्के वाढ असे सांगितले गेले. यात पिण्याच्या पाण्याचे ६०,०३० कोटी होते, पाणी-स्वच्छतेसाठी वित्त आयोगाचे ३६,०२२ कोटी होते, लसीचे ३५,००० कोटी होते. आरोग्य विभागाची स्वतःची तरतूद ७१,२६९ कोटी, आणि त्याच विभागाचा आदल्या वर्षाचा सुधारित खर्च होता ७८,८६६ कोटी. म्हणजे ज्या वर्षी दुसरी लाट यायची होती, त्या वर्षी रुग्णालये सांभाळणाऱ्या विभागाला चालू खर्चापेक्षा कमी पैसे.

लसीच्या ३५,००० कोटींबद्दल अनेकांचा गैरसमज झाला. ते आरोग्याच्या मागणीत नव्हते, मागणी क्रमांक ४०, ‘राज्यांना हस्तांतरण’ यात होते. केंद्र लस देणार नाही, राज्यांना पैसे देईल, असा अर्थ काढला गेला. मे २०२१ मध्ये अर्थ मंत्रालयाने खुलासा केला की खरेदी केंद्रच या शीर्षातून करत आहे, आणि या मागणीला तिमाही खर्चमर्यादा लागू नसल्याने पैसे सोडणे सोपे जाते. खुलासा तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. माझी हरकत वेळेबद्दल आहे. तरतूद १ फेब्रुवारीची. मे ते जुलैच्या ११ कोटी डोसांसाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला १,७३२.५० कोटींचा आगाऊ हप्ता सुटला २८ एप्रिलला, जेव्हा ऑक्सिजनसाठी लोक रस्त्यावर फिरत होते. त्याच वेळी १८ ते ४४ वयोगटाची लस राज्यांनी घ्यावी असे ठरले. केंद्राला १५० रुपयांचा कोविशिल्डचा डोस राज्याला ३००. महाराष्ट्राने ५.७१ कोटी नागरिकांसाठी सुमारे ६,५०० कोटी खर्चाची तयारी जाहीर केली, आणि मेच्या मध्यात डोसच नाहीत म्हणून या वयोगटाचे लसीकरण थांबवावे लागले. २१ जूनपासून केंद्राने खरेदी परत स्वतःकडे घेतली. मध्ये गेलेल्या त्या सात आठवड्यांत पैशाची कमतरता नव्हती.

पुन्हा असे झाले तर काय, हा तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग. आकस्मिकता निधी मोठा झाला, हे झाले. रेशन कार्ड आता देशभर चालते, हेही झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी सुरू झाली, म्हणजे जी यादी नव्हती ती निदान तयार होऊ लागली. तिच्यावरून संकटात थेट खात्यात पैसे टाकायची व्यवस्था आधी लिहून, मंजूर करून ठेवली पाहिजे. तसेच औषधे-उपकरणांचे सीमाशुल्क अमुक परिस्थितीत आपोआप शून्य होईल अशी अधिसूचना तयार हवी, आणि निर्यातदारांचे परतावे वर्षानुवर्षे तुंबू देता कामा नयेत. अर्थसंकल्पाच्या कागदांत विवरणपत्र २७ असते, अर्थसंकल्पाबाहेरच्या कर्जांचे. ते दरवर्षी बघत जा. तिथला आकडा पुन्हा फुगू लागला, तर पुढच्या संकटात सरकारचे हात आधीच बांधलेले असतील. आणि एक पाट अजून खणायचाच आहे: शहरातल्या रोजगार हमीचा. केरळात अय्यनकाली योजना आहे, राजस्थानने २०२२ मध्ये शहरी कुटुंबांना १०० दिवस काम द्यायला सुरुवात केली. राष्ट्रीय पातळीवर असा कायदा नाही, आणि ज्या महाराष्ट्राने १९७७ मध्ये गावासाठी तो केला, त्याने शहरासाठी अजून केलेला नाही.